तेलाचा वास येतोय तरी महिन्याभरात धान्यात सोंडे परत, चुकतंय कुठे?

धान्य निवडलं, पाखडलं, ऊन दिलं, डबा पुसून कोरडा केला, निलगिरीच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवला, झाकण लावलं. दोन आठवडे बघितलं, स्वच्छ. तीन आठवडे, स्वच्छ. आणि महिना झाला न झाला तर झाकणाच्या आतल्या बाजूला सोंडे फिरतायत. मग वाटतं तेल हलकं निघालं, म्हणून लवंगेचं आणायचं, मग पुदिन्याचं, मग गवती चहाचं, आणि दर महिन्याला तेच. मी या चक्रात बरेच दिवस अडकले होते आणि दर वेळी तेलालाच दोष देत होते, म्हणून आता जे कळलंय ते सगळं नीट लिहून ठेवतेय, कारण चूक तेलाची असते अशी वेळ फार कमी येते.

आधी एकच गोष्ट करा, दिवस मोजा. सफाई केली त्या तारखेपासून किडे परत दिसले तोपर्यंत किती दिवस गेले? निम्मं उत्तर या आकड्यातच आहे.

सोंड्याची मादी गव्हाच्या नाहीतर तांदळाच्या दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्राव लावून ते भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा अख्खा दिसतो, आपल्याला काहीच कळत नाही. अंडं फुटतं, अळी आतला गर खाते, तिथेच कोष होतो आणि पूर्ण वाढलेला सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. २८-३० अंश तापमान आणि हवेत बऱ्यापैकी दमटपणा असेल तर या सगळ्याला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात. आता तुमचा आकडा बघा. चार-पाच आठवड्यांनी एकदम खूप किडे दिसले तर ते बाहेरून आलेले नाहीत, तुम्ही डबा भरला तेव्हाच ते दाण्यांच्या आत होते. निवडताना आपण काढतो ते फक्त वर फिरणारे किडे. अंडी, अळ्या, कोष हे सगळं आपणच परत डब्यात भरतो आणि वर तेलाचा कापूस ठेवतो.

दोन-चार दिवसांतच परत दिसले तर गोष्ट वेगळी. मग एकतर ते डब्याच्या कडेला, झाकणाच्या आट्यात, पोत्याच्या शिवणीत लपलेले होते, किंवा शेजारच्या दुसऱ्या डब्यातून आले, किंवा मेले असं वाटलेले मेलेच नव्हते (यावर पुढे सांगते, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं). आणि रोज थोडे थोडे निघत असतील, ना एकदम खूप ना पूर्ण बंद, तर आत सगळ्या वयाची पिल्लावळ आहे असं समजा.

तेलाची वाफ नक्की करते काय? निलगिरी, पुदिना, लवंग, गवती चहा, ओवा यांची जी उडून जाणारी सुगंधी तेलं असतात ती म्हणजे लहान लहान रेणूंचं मिश्रण. निलगिरीत सिनिऑल, लवंगेत युजेनॉल, पुदिन्यात मेंथॉल, गवती चहात सिट्रल, ओव्यात थायमॉल, संत्र्याच्या सालीच्या तेलात तर ९० टक्क्यांच्या वर लिमोनीनच. हे रेणू किड्याच्या श्वासनलिकांतून नाहीतर अंगावरच्या मेणचट थरातून आत जातात आणि मज्जासंस्था बिघडवतात. काही रेणू ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम अडवतात, काही ऑक्टोपामिन या नसांतून निरोप नेणाऱ्या रसायनाच्या कामात गडबड करतात. ऑक्टोपामिन किड्यांच्या शरीरात फार महत्त्वाचं काम करतं, माणसाच्या शरीरात त्याचं तेवढं काम नाही, म्हणून या तेलांकडे कीटकनाशक म्हणून एवढ्या आशेने बघतात. पण ही सगळी मारामारी हिंडत्या-फिरत्या, जोरात श्वास घेणाऱ्या पूर्ण वाढलेल्या किड्याशी. अंडं आणि कोष यांचा श्वास अगदी मंद असतो, आणि वर दाण्याची भिंत, त्यामुळे आपण डब्यात जेवढं तेल ठेवतो तेवढ्याने त्यांना फारसं काही होत नाही. थोडक्यात तेल हा राखणदार आहे, आत आधीच घुसलेल्याला बाहेर काढणं त्याचं काम नाही आणि ते त्याला जमतही नाही.

हे तुमच्या बाबतीत खरं आहे का ते घरीच तपासता येतं आणि प्रत्येकाने एकदा तपासावंच असं मला मनापासून वाटतं. सफाई केलेल्या धान्यातले दोन-तीन मुठी दाणे काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या, एकही फिरता किडा त्यात नाही याची खात्री करा, तोंडाला घट्ट विणीचं कापड दोन पदरी करून बांधा म्हणजे हवा जाईल पण किडा आत-बाहेर करणार नाही, तेलाचा थेंबही नको, आणि बरणी उबदार जागी ठेवून वर तारीख लिहा. बाकीचं धान्य नेहमीसारखं तेल ठेवून डब्यात. पाच-सहा आठवड्यांनी दोन्ही बघा. बरणीत किडे निघाले तर दोष दाण्याच्या आत आहे आणि तुम्हाला आधी उष्णतेचा नाहीतर गारठ्याचा उपाय करावा लागेल. बरणी स्वच्छ राहिली आणि डब्यात मात्र निघाले तर ते बाहेरून येतायत, म्हणजे झाकण, फटी, जागा, शेजारचं जुनं धान्य इकडे बघा. या एका बरणीने माझे कितीतरी महिन्यांचे अंदाज निकालात काढले, आणि उत्तर पहिलंच होतं, किडे दाण्यातूनच निघाले.

आता किडा कोणता ते बघू, कारण सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. पुढे सोंड असलेला गडद तपकिरी तो सोंडा. लांबट नळकांडीसारखा, डोकं खाली दडलेलं आणि धान्यात खूप भुकटी, तर तो दाणे पोखरणारा भुंगेरा, त्याची मादी अंडी दाण्यांच्या बाहेर सुटी घालते पण अळी लगेच आत घुसते. हरभरा, मूग, चवळी यांवर पांढरे चिकटलेले ठिपके आणि नंतर गोल भोकं, तर कडधान्याचा भुंगा, म्हणजे आपण टोका पडला म्हणतो तो. त्याची अंडी दाण्याच्या सालीवरच डकवलेली असतात, आणि हा भुंगा बऱ्याचदा शेतातच वाळत आलेल्या शेंगांवर अंडी घालतो, त्यामुळे धान्य घरात येतं तेच अंडी घेऊन. चपटा तांबूस, पिठात नाहीतर फुटक्या दाण्यात फिरणारा तो तांबडा भुंगेरा, याला अख्खा चांगला दाणा फोडता येत नाही, आधी दुसऱ्या कोणी फोडलेला लागतो. जाळी, गुठळ्या आणि संध्याकाळी उडणारे छोटे पतंग असतील तर पतंगाची अळी.

यातला कडधान्याचा भुंगा तेलाच्या वाफेला लवकर बळी पडतो, सोंडा मधला, आणि तांबडा भुंगेरा फार चिवट. म्हणजे तुमच्या ओळखीच्या कोणी चवळीत तेल ठेवलं आणि त्यांचं काम झालं, तर तेच तेल तेवढंच तुमच्या पिठातल्या किड्याला पुरेल असं अजिबात नाही. बरेचसे 'माझं तर झालं, तुझं कसं नाही झालं' हे वाद इथूनच सुरू होतात, दोघं खरं बोलत असतात पण किडे वेगळे असतात.

पुढचा घोळ प्रमाणाचा. प्रयोगशाळेत हे तेल तपासताना साधारण असं करतात, छोट्या बंद बरणीत किडे ठेवायचे, कागदावर मोजून तेल टाकायचं, आणि किती मेले ते बघायचं. प्रमाण दर लिटर हवेला अमुक मायक्रोलिटर असं असतं, आणि ते दहा-वीसपासून काही शेपर्यंत जातं, तेल आणि किडा कोणता यावर. समजा ५० धरलं. एक थेंब साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे दर लिटर हवेला एक थेंब. आता २० लिटरचा डबा गव्हाने काठोकाठ भरला तरी दाण्यांच्या मधल्या जागेत साधारण ४० टक्के हवा असतेच, म्हणजे ८ लिटर हवा, म्हणजे ८-१० थेंब. आणि आपण ठेवतो दोन थेंब! पण खरा घोळ याच्याही पुढचा आहे, ती प्रयोगाची बरणी बहुतेक वेळा धान्याशिवाय रिकामी असते. धान्य वाफ शोषून घेतं. दाण्याचं साल, त्यातली चरबी, पिष्ट सगळं ती वाफ ओढून घेतं आणि हवेत किड्यासाठी फार थोडी उरते. धान्य भरलं की तोच परिणाम यायला कितीतरी जास्त तेल लागतं हे अभ्यासांत परत परत दिसलंय. आणि तेवढं तेल घातलं तर किडा मरेल कदाचित, पण धान्याला औषधासारखा वास लागेल तो शिजवल्यावरही जाणार नाही. मी एकदा चिडून लवंगेचं तेल चमचाभर थेट गव्हावर टाकून ढवळलं होतं, ते गहू महिनाभर उघडे ठेवूनही खाण्यालायक राहिले नाहीत. म्हणून खायच्या धान्यात तेलाने किडे मारायच्या मागे लागूच नका, तेल फक्त नवीन किड्याला दूर ठेवायला. मारायचं काम उष्णतेने नाहीतर गारठ्याने करायचं.

तर ते काम आधी. थोडं धान्य असेल आणि घरात डीप फ्रीझर असेल तर सगळ्यात सोपं, एक-दोन किलोच्या घट्ट बंद पिशव्या करून उणे १८ अंशाला चार-पाच दिवस ठेवा, अंड्यापासून किड्यापर्यंत सगळं मरतं. पिशवी मोठी केली तर मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो, म्हणून लहानच. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं धान्य पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर गार दाण्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि किड्यातून सुटून बुरशीत पडाल. फ्रिजच्या नेहमीच्या कप्प्यात ठेवलं तर वाढ थांबते, पण किडे लगेच मरत नाहीत, बाहेर काढलं की गाडी परत सुरू.

उन्हाचं लोक नेहमी सांगतात पण नुसतं ऊन पुरत नाही. उघड्यावर जाड थर पसरला की फिरते किडे चालू लागतात, कडेला जाऊन लपतात, आणि दाण्याच्या आतलं तापमान मारण्याइतकं होतच नाही. उन्हाचा खरा उपयोग करायचा तर खाली काळं कापड नाहीतर काळं प्लास्टिक, त्यावर धान्याचा दोन-तीन सेंटीमीटरचाच थर, वर पारदर्शक प्लास्टिक आणि कडा सगळ्या बाजूंनी वजन ठेवून दाबलेल्या. आत ताप कोंडतो आणि कडक उन्हात ६० अंशांपर्यंत जातो. कडधान्याच्या भुंग्याची अंडी-अळ्यांसकट सगळी पिढी ५७ अंशांत एका तासात मरते, हे चवळीवर झालेल्या कामातून पक्कं माहीत आहे. स्वयंपाकघरातला साधा टोकदार दांडीचा थर्मामीटर थरात खुपसून बघा, अंदाजावर जाऊ नका, आणि ५७-६० अंश आले की तासभर तसंच राहू दे. आधी धान्य कोरडं हवं, नाहीतर प्लास्टिकखाली घाम सुटतो. मग पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलं तर झाकणाला पाणी सुटतं.

ओलावा हा मुद्दा लोक पटकन ओलांडून जातात, पण खरं तर तेलापेक्षा याचं वजन जास्त आहे. गहू-तांदळात १२ टक्क्यांच्या खाली ओलावा असेल तर सोंड्याची वाढ मंदावते, ९ टक्क्यांच्या आसपास तर त्याला पिल्लं वाढवणंच कठीण जातं. (खाप्रा नावाचा धान्यातला आणखी एक भुंगेरा आणि दाणे पोखरणारा भुंगेरा मात्र कोरड्या धान्यातही टिकतात, तेवढं लक्षात ठेवा.) घरी मीटर नसतो, तर दाणा दाताखाली धरा, कटकन तुटला तर बरा, दबून चपटा झाला तर ओला. दुसरी मिठाची युक्ती, कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ आणि धान्य घालून हलवायचं, १०-१५ मिनिटं ठेवायचं, मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. यातून फक्त फार ओलं धान्य पकडता येतं, मीठ चिकटलं नाही म्हणजे १२ टक्केच आहे असं समजू नका. आणि किडे स्वतःच श्वासातून पाणी आणि उष्णता सोडतात, त्यामुळे एकदा वाढ सुरू झाली की तो कोपरा गरम, दमट होत जातो आणि अजून वेगाने वाढतो. धान्यात हात खुपसला आणि मध्येच उबदार लागलं तर तिथे काहीतरी चाललंय हे नक्की.

आता तेल कुठलं आणि कसं. सगळी तेलं सारखी उडत नाहीत आणि इथे मोठी गफलत होते. सिनिऑल आणि लिमोनीन १७६ अंशाच्या आसपास उकळतात, युजेनॉल थेट २५४ ला. म्हणजे खोलीच्या तापमानाला निलगिरीची वाफ भराभर हवेत पसरते, लवंगेची फारच हळू. लवंगेचं तेल किड्याच्या अंगाला लागलं तर जोरदार आहे, पण डब्याच्या वरच्या कापसातून खालच्या दाण्यांपर्यंत त्याची वाफ मारण्याइतकी पोचत नाही. नाकाला उग्र लागतं म्हणून आपली समजूत होते की भरपूर आहे. उलट निलगिरी, संत्रासाल यांची वाफ पटकन पसरते पण पटकन संपतेही, डबा रोज उघडत असाल तर दोन-तीन आठवड्यांत कापूस कोरडा. आणि ती वेळ बघा, नेमकी तेव्हाच दाण्यांतून नवी पिढी बाहेर यायच्या बेतात असते. मग वाटतं किड्यांना तेलाची सवय झाली. सवय वगैरे काही नसतं, तेल उडून गेलेलं असतं.

वाफेने दूर ठेवायचं तर मी निलगिरी नाहीतर पुदिना घेते, ते ब्लॉटिंग पेपरच्या तुकड्यावर टाकते, तो तुकडा भोकं पाडलेल्या छोट्या काचेच्या किंवा धातूच्या डबीत, म्हणजे तेल धान्याला थेट लागत नाही. १० लिटरच्या डब्याला साधारण अर्धा मिलीलिटर, आणि दर १५ दिवसांनी नवीन, कॅलेंडरवर खूण करून. वाफ धान्याच्या ढिगातून फार हळू सरकते त्यामुळे सगळं तेल वरच ठेवलं तर तळाला काहीच पोचत नाही. उंच डबा असेल तर एक डबी तळाशी, एक मध्ये, एक वर, तेवढंच तेल तिघींत वाटून. काढलेलं धान्य वापरायच्या आधी ताटात पसरून काही तास उघडं ठेवा, वास बराच जातो. तरी तांदळाला वास लवकर लागतो असा माझा अनुभव आहे, म्हणून तांदळात मी तेल ठेवतच नाही, तो गारठवून हवाबंद ठेवते.

तेल खरं आहे का हेही बघा. बाटलीवर सुगंधी तेल लिहिलंय म्हणजे ते वनस्पतीचंच असतं असं नाही, कितीतरी वेळा कृत्रिम सुगंध साध्या तेलात कालवलेला असतो. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि एक दिवस ठेवा. निलगिरी-पुदिन्याचं शुद्ध तेल जवळजवळ पूर्ण उडून जातं, तुपकट पारदर्शक डाग राहिला तर त्यात जड तेल आहे. आणि बाटली उघडून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, उन्हात पडली असेल, तर ती धान्यासाठी वापरू नका. विशेषतः संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल हवेने बिघडतं आणि मग त्वचेला त्रास देतं.

एक गोंधळ तर फारच मोठा आहे. कडुनिंबाच्या निंबोळीचं तेल, एरंडेल, शेंगदाण्याचं तेल ही उडणारी तेलं नाहीत, ही स्थिर तेलं. यांचा कापूस डब्यात ठेवून काहीही होणार नाही कारण वाफच नाही. यांचा उपयोग वेगळा, दाण्यावर पातळ थर चोळायचा. कडधान्यात हे खरंच छान चालतं कारण त्या भुंग्याची अंडी सालीवरच असतात आणि तेलाच्या थराने गुदमरतात. प्रमाण किलोला ५ मिलीलिटरच्या आसपास, सगळ्या दाण्यांना सारखं लागेल असं चोळायचं, खायच्या धान्याला खायचंच तेल. पण अंडी फुटून अळी आत गेलेली असेल तर उशीर झाला, म्हणून हे धान्य आल्या आल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. निंबोळीचं तेल कडू असतं, ते फक्त बियाण्याला. आणि सोंड्याला याचा तेवढा उपयोग नाही, त्याचं अंडं आत आणि वरून बुजवलेलं. जाता जाता, कडधान्य डाळ करून ठेवलं तर या भुंग्याचा त्रास आपोआप बराच कमी होतो, त्याला अख्खा दाणा लागतो.

मेलेल्या किड्यांचं सांगायचं राहिलं होतं. तेलाच्या वाफेत किडा आधी लडखडतो, उताणा पडतो, पाय आखडतो, आणि आपल्याला वाटतं संपला. पण कमी वाफेत तो फक्त बेशुद्ध असतो, मोकळी हवा मिळाली की काही तासांत उठून चालायला लागतो. त्यात सोंडे आणि कडधान्याचे भुंगे हात लागला तरी पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतात. मी असे 'मेलेले' सोंडे चाळून त्याच ओट्याखाली केराच्या डब्यात टाकायचे. तिथून ते चालत परत यायचे. आता पडलेले किडे पांढऱ्या कागदावर २४ तास ठेवते, वर उलटा काचेचा पेला झाकून, आणि मगच मेले म्हणते. चाळलेला केर साबणाच्या पाण्यात बुडवते किंवा पिशवी बांधून लगेच घराबाहेर.

डब्याबद्दल. झाकण घट्ट नसेल तर तेल, ऊन, सगळं वाया. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या दाणे पोखरणारा भुंगेरा आरामात भोकं पाडून फोडतो. काच, धातू, नाहीतर जाड प्लास्टिक आणि रबरी चकतीचं झाकण. फक्त ही तेलं प्लास्टिक आणि रबर खातात हे लक्षात असू दे, लिमोनीन तर थर्मोकोल विरघळवतं. माझ्या एका डब्याच्या झाकणाची चकती तेलाने फुगून सैल झाली होती आणि त्याच फटीतून किडे आत जात होते, म्हणजे उपायच वाट करून देत होता. तेल चकतीला लागू देऊ नका आणि दर वेळी चकतीवरून बोट फिरवून बघा.

खरं तर डबा पूर्ण हवाबंद आणि काठोकाठ भरलेला असेल तर तेलाची गरजच उरत नाही. आतले किडेच ऑक्सिजन संपवतात, तो तीन-चार टक्क्यांच्या खाली गेला की त्यांचं खाणं आणि वाढ थांबते. पण अर्धा रिकामा डबा आणि रोज उघडायचा, यात ते जमत नाही. म्हणून धान्य एकाच मोठ्या डब्यात ठेवू नका, आठ-पंधरा दिवसांचं एका लहान डब्यात, त्यात तेलाची डबी, बाकीचं भरलेल्या बंद डब्यांत आणि ते हात न लावता. नवीन धान्य जुन्यावर ओतायची सवय तर आजच सोडा. तळाला उरलेल्या मूठभर जुन्या दाण्यांतून नवीन सगळा डबा लागतो.

पोती भरून साठा असेल तर ही तेलं त्याला पुरणारी नाहीत हे स्पष्ट सांगते. एवढ्या ढिगात वाफ पोचवायची तर तेलाचा खर्च आणि वास दोन्ही हाताबाहेर जातात. मोठ्या गोदामांत फॉस्फिन वायू वापरतात. मिथिल ब्रोमाइड हा तसाच दुसरा वायू ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रियल करारानुसार प्रगत देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत काही अपवाद सोडून बंद झाला, आणि फॉस्फिनला दाद न देणारे तांबडे भुंगेरे आणि पोखरणारे भुंगेरे बऱ्याच देशांत सापडलेत, म्हणूनच या तेलांवर एवढं संशोधन चालू आहे. तेल हळूहळू सुटावं म्हणून ते बारीक कुपीत कोंडायचं, मातीच्या भुकटीत मुरवायचं, असे प्रयत्न चालू आहेत आणि मला त्यांच्याकडून खूप अपेक्षा आहेत. पण फॉस्फिनच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नका, एकही नाही. तो वायू माणसाला मारतो आणि याने घरंच्या घरं गेली आहेत.

बियाणं ठेवायचं असेल तर जास्त जपून. ही तेलं उगवणही दाबतात, शहाजिऱ्याच्या तेलातलं कार्व्होन तर साठवणीतल्या बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणूनच वापरतात. बियाण्यात तेल ठेवलंच तर आधी थोड्या दाण्यांवर करून १५ दिवसांनी ओल्या फडक्यात उगवून बघा, शंभरातले किती आले ते मोजा.

घरात लहान मूल असेल तर निलगिरीची बाटली उंचावर, कुलपात. थोडे मिलीलिटर पोटात गेले तरी मुलाला झटके येऊ शकतात, बेशुद्धी येऊ शकते. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' हे वाक्य मी फार वेळा ऐकते आणि दर वेळी काळजी वाटते. मांजरांच्या यकृताला यातले बरेच रेणू नीट फोडता येत नाहीत, तेव्हा मांजर असेल तर तेलाच्या डब्या तिच्या वाटेत नकोत. वेखंडाचं तेल किड्यांवर प्रभावी आहे पण त्यातलं बीटा-ॲसेरोन प्रयोगातल्या उंदरांत कॅन्सर करतं, ते खायच्या धान्यात मी ठेवणार नाही. आणि तेल टाकताना जवळ गॅस पेटलेला नको, निलगिरीची वाफ ५० अंशाच्या आतच पेट घेण्याइतकी होते.

पिठात किडे होत असतील तर तेलाचा विचारच नको, पीठ वास सगळ्यात जास्त धरतं आणि तांबडा भुंगेरा सगळ्यात कमी दबतो. पिठाला गुलाबी झाक आणि डोक्यात जाणारा उग्र वास आला असेल तर तो त्या भुंगेऱ्यांनी सोडलेल्या क्विनोन रसायनांचा, ते पीठ टाकून द्या, चाळून वापरू नका. डबा गरम साबणाच्या पाण्याने धुवा, कोपरे ब्रशने काढा, झाकणाच्या आट्यात सुईने फिरवून अडकलेलं पीठ काढा, दोन दिवस उन्हात उघडा ठेवा, आणि पुढचं पीठ पंधरा दिवसांत संपेल एवढंच दळून आणा.